काळी बाजू खाली

माझी नणंद, म्हणजे तुझी आत्याआजी, आमच्याकडे चार दिवस राहून गेली ना, की पाचव्या दिवशी मला वाटायचं, ही खरंच आली होती की मला स्वप्न पडलं? पांघरुणाची घडीला घडी. प्यायलेला कप धुऊन, पुसून, बाकीच्या कपांच्या मधे, त्याचा कान बाकीच्यांच्या कानांच्या रांगेत. न्हाणीघराची फरशी कोरडी ठाक. उशीवर एक केस सापडेल तर शपथ. तुझे आजोबा तिचा सख्खा भाऊ, तरी विचारायचे, "ताई गेली? कधी?" मी म्हणायचे, "अहो, आली होती का ते आधी विचारा."

मी तिला वन्सं म्हणते. तोंडावर "वन्सं, बसा, चहा टाकते", आणि पाठीमागे "आली का ती?" सगळ्या वहिन्यांचं असंच असतं, लिही बिनधास्त.

तर तिचं काम. आमच्या गावावरून घाटरस्ता वर खिंडीत जातो, त्याला अकरा वळणं. प्रत्येक वळणाला रस्ता सोडून जरा आत गेलं, की झाडांमधे मोकळी जागा. एका जागेवरून खालची नदी दिसते, एकीवरून पलीकडचे डोंगर, नवव्या वळणावरून तर ढग आपल्या पायाखाली. तिथे कुणीही यावं, तंबू ठोकावा, राहावं. फुकट. नळ नाही, दिवा नाही, पाटी नाही, नावपत्ता विचारणारं कुणी नाही. नियम तीनच. ओढ्यापासून दोनशे पावलं लांब राहायचं, चौदा दिवसांच्या वर टिकायचं नाही, आणि जाताना आपलं सगळं आपल्याबरोबर न्यायचं. पहिले दोन नियम लोक पाळायचे. तिसऱ्यासाठी वन्संला ठेवली होती.

फुकट म्हटलं की माणूस आधी घाबरतो. गाडी थांबवून वन्संला विचारायचे, "बाई, खरंच काही द्यायचं नाही?"

"नाही."

"मग भानगड काय आहे? साप आहेत का?"

"आहेत की. पण ते पण फुकटच राहतात."

एकदा शहरातला एक चष्मेवाला तंबूतून बाहेर आला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "आत्या, बाथरूम कुठे आहे?" तिथे येणारे सगळे तिला आत्याच म्हणायचे. वन्संने त्याच्या हातात खुरपी दिली आणि सगळ्या डोंगरावरून हात फिरवला. "आवडेल ती निवडा. एक वीत खोल, आणि नंतर बुजवा." बिचारा अर्धा तास निवडत होता.

तिचा नवरा रस्त्यावरचा रोलर चालवायचा. हा घाट त्यानेच दाबून गुळगुळीत केला. घरात मात्र एक वस्तू जागेवर ठेवायचा नाही. मोजा चुलीपाशी, टोपी पिठाच्या डब्यावर. तो गेला आणि खात्याने वन्संला घाटाच्या पायथ्याशी दोन खोल्या आणि ही नोकरी दिली. मी तेव्हाच म्हटलं होतं, एवढी वर्षं एका माणसामागचं आवरलं, आता जगामागचं आवरणार.

आणि कसं आवरायची! रोज सकाळी खराटा, दाताळं, घमेलं आणि गोणी घेऊन चढायची. लोक उठून गेले की आधी कचरा. मग राख. राखेवर पाणी, हात घालून बघायचं, गार झाली की घमेल्यात. मग तंबूच्या मेखांची भोकं टाचेने दाबायची. निजलेलं गवत दाताळ्याच्या पाठीने उलटं विंचरून उभं करायची. शेवटी चुलीचे दगड. एकेक दगड उचलून जिथला तिथे न्यायचा आणि काजळीची बाजू खाली घालून बसवायचा. तोच दगड पुढच्या आठवड्यात कुणीतरी पुन्हा चुलीला लावणार, पुन्हा काळा करणार, ही पुन्हा उलटा करणार. बघणाऱ्याला वाटावं, हे दगड जन्मल्यापासून इथेच बूड टेकून बसलेत. सगळं झालं की एक फांदी घ्यायची आणि स्वतःच्या पावलांचे ठसे झाडत झाडत, उलटी चालत, रस्त्यापर्यंत यायची.

मी एकदा म्हटलं, "वन्सं, तुम्ही जन्माला आलात तेव्हा सुईणीच्या मागे झाडत आला असाल."

"आले असेन," ती म्हणाली. "तुझ्यासारखा पसारा तरी नाही केला."

कुणी कचरा टाकून पळालंच, तर ही मागे लागायची. एकदा एका कुटुंबाने आठव्या वळणावर पिशवीभर सालं न् डबे सोडले. वन्संने आडवाटेने उतरून खालची चहाची टपरी गाठली. मंडळी चहा पीत होती. हिने पिशवी त्यांच्या गाडीच्या आरशाला नीट गाठ मारून अडकवली आणि हसून म्हणाली, "तुमचं विसरलं होतं हो." त्या बाईने वर तिचे आभार मानले.

आता जुना साहेब होता तोवर सगळं सुरळीत. वर्षातून एकदा जीपमधून यायचा, खाली न उतरता विचारायचा, "आत्या, यंदा किती लोक?" वन्सं म्हणायची, "पुष्कळ." तो कागदावर लिहायचा, पुष्कळ. झालं. मग तो गेला आणि नवा आला. याचा शर्ट इतका पांढरा, की बोलताना डोळे बारीक करावे लागायचे. त्याने जुने कागद काढले, सगळीकडे पुष्कळ, पुष्कळ, पुष्कळ. म्हणाला, "पुष्कळ हा काय आकडा आहे? मी डोळ्यांनी बघणार."

आला तो नेमका सोमवारी, सुट्ट्या संपल्यावर. घाटात चिटपाखरू नाही. पुढचं मला त्याच्या ड्रायव्हरने सांगितलं. ड्रायव्हर आमच्याच गल्लीतला, त्याला सगळे भोंगा म्हणायचे. त्याच्या पोटात फक्त जेवण राहायचं.

साहेब तिसऱ्या वळणाच्या जागेत शिरला आणि म्हणाला, "बाई, इथे कोण मुक्काम करतं?"

"परवाच अकरा माणसं होती साहेब. दोन तंबू आणि एक कुत्रा."

"कुठे होते?"

"तुम्ही उभे आहात ना, तिथे कुत्रा होता."

साहेबाने पाय उचलून खाली बघितलं. "इथे तर काहीच दिसत नाही."

"नाही ना?" वन्सं लाजली. भोंगा म्हणाला, नव्या नवरीसारखी लाजली. "हाताला सवयच आहे हो."

"राख नाही, खड्डा नाही, गवतसुद्धा दबलेलं नाही."

"पुढच्या वळणावर चला ना. तिथे तर याहून छान झालंय."

अशी अकरा वळणं तिने त्याला हौसेने फिरवली. प्रत्येक ठिकाणी तो म्हणायचा काही नाही, आणि ही म्हणायची हो ना! खाली उतरून साहेबाने कागदावर दोन शब्द लिहिले, "वापर नाही." मग तिला समजावून सांगितलं. इथे कुणी येतच नाही, तर जागा उघड्या कशाला आणि राखायला माणूस कशाला? गुरुवारी साखळ्या घेऊन येतो. शेवटचं एकदा बघतो, कुणी राहिल्याची खूण दिसली तर ठीक, नाहीतर अकराही जागांची तोंडं बंद. आणि तुम्ही या खाली, ऑफिसच्या गोदामात. खराटे मोजायला.

संध्याकाळी वन्सं आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी चहा दिला. अर्धा प्यायली आणि कप ओट्यावर तसाच ठेवून दिला. उष्टा. न धुता. बाळा, त्या बाईला मी तापात फणफणताना कप धुताना पाहिलंय. तेव्हाच ओळखलं, पाणी डोक्यावरून गेलंय.

"गोदामाला खिडकी नाही गं वहिनी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "साक्षीला माणसं आणा. राहून गेलेली."

"नावपत्ता कुठे विचारतो आपण? तोच तर तिथला नियम. सातव्या वळणावर ते दोघं म्हातारे दरवर्षी येतात. दोन खुर्च्या मांडतात आणि दिवसभर काही बोलत नाहीत. यंदा येतील, साखळी बघतील आणि गाडी वळवतील. त्यांना मी सांगायला पण नसेन."

तुझे आजोबा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "ताई, हे सगळं तुझ्या स्वच्छतेने केलं. जरा घाण ठेवली असतीस तर आज मानाने जगली असतीस."

"मग करू या की घाण!" मी म्हटलं.

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "साहेबाला खूण पाहिजे ना? बुधवारी आपण जाऊन राहून येऊ. चूल मांडू, बटाटे भाजू, सालं फेकू. आपण काय माणसं नाही?"

वन्संच्या चेहऱ्यावर असे भाव आले, जणू मी तिला दरोडा घालायला सांगितलंय. पण गोदामाला खिडकी नव्हती. कबूल झाली.

बुधवारी दुपारी आम्ही तिघं तिसऱ्या वळणावर, कारण सोमवारी साहेबाची जीप आधी तिथेच थांबली होती. तंबू भोंग्याच्या मेव्हण्याचा. आजोबांनी उभा केला आणि दोन काठ्या उरल्या. मी विचारलं, "या कुठल्या?" म्हणाले, "जास्तीच्या दिल्या असतील." तंबू उभा राहिला तो बसलेल्या म्हशीसारखा, आणि आजोबा आत शिरले तेव्हा म्हैस झोपलीच. आतून आवाज आला, "गवत चांगलं दबतंय!"

मी चूल पेटवली. मुद्दाम ओली लाकडं घातली, धूर होऊन दगड चांगले काळे व्हावेत म्हणून. वन्सं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी. आजोबांनी बटाटा सोलला, साल बोटांत धरून तिच्याकडे बघितलं आणि टाकलं. वन्सं अशी दचकली, जणू कुणी पाठीत गुद्दा घातला.

"लहानपणापासून इच्छा होती," आजोबा म्हणाले, "ताईसमोर साल टाकायची."

"एक टाकलंस ना? पुरे."

"एकाने साहेबाचं पोट भरणार नाही." आणि दुसरं टाकलं. मग तिसरं. मग एक मागे न बघता खांद्यावरून. भाजलेल्या बटाट्यापेक्षा सालं टाकण्यातच त्यांना गोडी आली होती. अंड्यांची टरफलं त्यांनी शेतात बी पेरावं तशी पेरली. मी राख पसरली, मेखा उपटून भोकं उघडी ठेवली. जागा अशी दिसत होती, की तिथे वरात राहून गेलीय.

ऊन उतरल्यावर निघालो. मी वन्संला म्हटलं, "उद्या साहेब येईपर्यंत इकडे फिरकायचं नाही. शपथ घ्या."

"घेतली."

"कशाची?"

"खराट्याची."

त्याहून मोठी शपथ तिच्याकडे नव्हती, म्हणून मी ती चालवून घेतली.

गुरुवारी सकाळी जीप आली, मागे साखळ्या खळखळतायत. वन्सं मला म्हणाली, तू पण चल, मला धीर होणार नाही. मी बसले मागे, साखळ्यांवर. तिसरं वळण आलं. मी मनात म्हणतेय, आता बघ साहेबाचे डोळे कसे पांढरे होतात. आत शिरलो आणि माझेच झाले.

जागा लख्ख. एक साल नाही. एक टरफल नाही. गवत उभं, विंचरलेलं. दगड आपापल्या जागी, साधेभोळे, हाताची घडी घालून बसल्यासारखे.

मी वन्संकडे बघितलं. वन्संने आभाळाकडे बघितलं.

"वन्सं!" मी दात आवळून म्हटलं.

"अगं, मी फक्त सालं उचलायला आले होते उजाडता उजाडता. सालं वाईट दिसत होती गं. सालं उचलली तर राख उठून दिसायला लागली. राख काढली तर ती भोकं..."

"आणि शपथ?"

"ती खराट्याची होती. मी दाताळ्याने केलं."

डोक्यावर हात मारावा तर तो हात तिच्या डोक्यावर मारावासा वाटत होता. साहेब तोवर जागाभर फिरून आला. "बघितलंत बाई? काही नाही." भोंग्याला म्हणाला, "साखळी काढ." आणि एका कापलेल्या झाडाच्या बुंध्यावर कागद ठेवून सही करायला वाकला.

घाटात सकाळी वारा खालून वर येतो. कागद लागले फडफडायला. एक उडाला, भोंग्याने टोपी टाकून पकडला. मी म्हटलं, "थांबा साहेब, वर दगड ठेवते." आणि बाजूचा दगड उचलून ठेवला.

आता तू विचारशील, आजी, तू मुद्दाम ठेवलास का? मी जवळचा दगड उचलला. जवळ चार होते, हे पण लिही.

साहेबाने सही केली, एका हाताने दगड उचलला आणि थबकला. कागदावर, बरोबर "वापर नाही" वर, भाकरीएवढा काळा शिक्का. अक्षर दिसेना. साहेबाने हाताकडे बघितलं, हात काळा. घाम पुसायला तोच हात कपाळाला लावला, कपाळ काळं. मग त्याने दगड उलटा केला.

"हे काय आहे?"

वन्संचा चेहरा असा झाला, जणू कुणी पाहुण्यांसमोर तिची गादी उचलून खाली बघितलं. "साहेब, ते... ते बघू नका. ती खालची बाजू आहे."

"पण हे काळं का आहे?"

"चुलीचा दगड आहे हो. काजळी घासून निघत नाही. मी पुष्कळ घासलं. म्हणून मग खाली घालते." आणि अगदी बारीक आवाजात, "एवढीच घाण आहे. एवढंच लपवलंय मी. बाकी काही नाही."

साहेबाने दुसरा दगड उलटला. काळा. तिसरा. काळा. जीपच्या किल्लीने एकाची काजळी खरवडली, तर वरचा थर निघाला आणि खाली आणखी जुना, कडक, चकाकणारा. तो गुडघ्यावर बसला. पांढऱ्या पँटीसकट. त्या एका जागेत बत्तीस दगड निघाले. हिरवे, शेवाळलेले, वरून दिसायला कसे निरागस, आणि पोट उलटं केलं की कोळसा.

"पुढच्या वळणावर पण असेच आहेत?" त्याने विचारलं.

वन्संने मान खाली घातली. "सगळीकडे. मला माफ करा साहेब."

पण साहेब कुठला ऐकतोय! तो जीपकडे पळाला. बाळा, त्या माणसाने अकरा वळणांवरचे दगड उलटे केले. लहान मूल समुद्रावर शिंपले शोधतं ना, तसा. "हा बघा! अरे, हा तर दोन्हीकडून आहे!" भोंगा पण उलटायला लागला. आणि वन्सं त्यांच्या मागे मागे, "अहो, तो तिकडचा होता, इकडे नका ठेवू," करत हाताला लागेल तो दगड पुन्हा सुलटा करतेय. मी एका जागी बसून बघत होते. अशी करमणूक पुन्हा मिळाली नाही.

शेवटच्या वळणापर्यंत साहेबाचा शर्ट भोंग्याच्या शर्टाहून काळा झाला होता. तो धपकन खाली बसला आणि पहिल्यांदाच तिला बाई न म्हणता म्हणाला, "आत्या, हे किती वर्षांचं आहे?"

"मी आले तेव्हापासूनचं. काही माझ्या आधीचं."

"आणि माणसं किती राहिली असतील?"

वन्संने खरंच मनापासून विचार केला. ओठ हलले, बोटं मोजून झाली. मग म्हणाली, "पुष्कळ."

साहेबाने नवा कागद काढला. पेन धरलं. थोडा वेळ दगडांकडे बघत राहिला. आणि लिहिलं, पुष्कळ. मी भोंग्याकडून दोनदा वाचून घेतलं.

साखळ्या जीपमधून खाली उतरल्याच नाहीत. साहेब उठला, कपडे झटकले आणि जीपकडे निघाला, तर मागून आवाज आला.

"साहेब, कुठे निघालात?"

वन्सं कमरेवर हात देऊन उभी. बोट दाखवलं. सगळीकडे उलटे पडलेले दगड आणि बुटांचे हे एवढाले ठसे. "तिसरा नियम."

आणि साहेबाने लावले, खरंच सांगते. एकेक दगड, काळी बाजू खाली. दोन चुकले, ते वन्संने परत करायला लावले. मग तिने त्याच्या हातात फांदी दिली. तो सरकारी साहेब, काळाकुट्ट झालेला, वाकून आपले ठसे झाडत उलटा चालत रस्त्याकडे यायला लागला. आणि भोंगा जीपला टेकून, ट्रक मागे घ्यावा तसा ओरडतोय, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या... मागे झाड आहे साहेब... येऊ द्या... बास!"

त्या संध्याकाळी वन्सं आमच्याकडे आली. स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्यापाशी थांबली. तिचा सोमवारचा अर्धा कप तिथेच होता. वर साय धरून ती कडक झालेली. मी हातच लावला नव्हता.

"अगं बाई! तीन दिवस? वहिनी, तुझं घर म्हणजे..." असं म्हणत तिने कप उचलला, घासला, धुतला, पुसला, आणि बाकीच्यांच्या मधे ठेवून त्याचा कान रांगेत वळवला.

"साखर असेल तर चहा टाक," म्हणाली. "आणि पूर्ण कप दे. मागच्या वेळी अर्धाच दिला होतास."